होयाचे तीन देठ

"इकडे या जरा," शालन गॅलरीतून म्हणाली.

आवाज हळू होता म्हणून मी लगेच उठलो. माझी बायको चिडली की मोठ्यानं बोलते. हळू बोलली, तर प्रकरण साधं नसतं.

पायातल्या चपलाही न काढता ती होयाच्या कुंडीसमोर उभी होती. मिरजेच्या नर्सरीतून नुकतीच आली होती, खताची पुडी हातात तशीच.

"इथे तीन देठ होते," ती म्हणाली. "कुठे गेले?"

मी चष्मा पुसून बघितलं. वेल नेहमीसारखीच ग्रीलवर पसरलेली होती. जाड, गुळगुळीत, मेण फासल्यासारखी पानं. देठबिठ काही दिसलं नाही.

"गळले असतील. फुलं गळली की देठही गळणारच."

"नाही गळत. नर्सरीवाल्यानं आज तेच बजावून सांगितलं. फुलं वाळून पडतात, पण देठ वेलीलाच राहतो. पुढच्या वर्षीची फुलं त्याच देठाला येतात, त्याच्या पुढच्या वर्षीचीही. देठ तोडला, की झालं. पुन्हा नवा देठ येईपर्यंत बसा वाट बघत." तिनं एक पान हलकेच बाजूला केलं. "हे बघा."

पानाच्या बगलेत ज्वारीच्या दाण्याएवढी खूण होती आणि तिच्यावर पांढरा, वाळलेला थेंब. होया कुठेही तुटला की दूध गाळतो. अशा खुणा तीन होत्या.

"कुणीतरी तोडलेत," शालन म्हणाली.

कुणीतरी हा शब्द कानावर पडला की माझ्या अंगात तरतरी येते. यायची, असं म्हणायला हवं. इचलकरंजीकडच्या एका सूतगिरणीत मी अठ्ठावीस वर्षं दक्षता खात्यात काढली. सुटीच्या भोंग्यानंतर गेटवर उभं राहून कुणाच्या डब्यात सुताचा कोन आहे, कुणाच्या लेंग्याच्या नाडीला कसलं वजन आहे, हे मी लांबून सांगायचो. लोक मला घाबरायचे आणि मला ते आवडायचं. निवृत्त झालो तरी सवय गेली नव्हती. दूधवाल्याचं माप, भाजीवालीची तागडी, शेजारच्या पाटलांचं हसणं, सगळ्यात मला काहीतरी काळंबेरं दिसायचं. शालन म्हणायची, तुम्ही देवाला नैवेद्य दाखवतानासुद्धा त्याच्याकडे संशयानं बघता.

पण या वेळी ती चेष्टेच्या मनःस्थितीत नव्हती, आणि तिला कारणही होतं. ती वेल तिच्या आईच्या घरची. बेळगावला आईच्या दिवसांना गेली असताना तिथल्या वेलीची वीतभर फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं आणली होती. त्यानंतर सहा वर्षं त्या फांदीनं आम्हाला नाचवलं. हॉलमध्ये ठेवली तर पानं पिवळी पडली. न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली तर कुजायला लागली. मोठी कुंडी दिली तर वर्षभर रुसून बसली, कारण तिला मुळांची दाटीच लागते म्हणे. चौथ्या वर्षी गॅलरीत कळ्या धरल्या. शालननं कौतुकानं पाटीलवहिनींना दाखवायला कुंडी नुसती इकडची तिकडे वळवली, तर दोन दिवसांत कळ्यांचा सडा. तेव्हापासून कुंडीला कुणी हात लावायचा नाही असा हुकूमच होता. घराला रंग दिला तेव्हा कुंडीमागची हातभर भिंत आम्ही तशीच जुन्या पिवळ्या रंगाची ठेवली. रंगाऱ्यानं आम्हाला वेड्यात काढलं.

आणि त्या वैशाखात ती फुलली. एक नाही, तीन गुच्छ. गुलाबीसर चांदण्या, प्रत्येकीच्या मधोमध लाल ठिपका आणि मधाचा थेंब. संध्याकाळी गॅलरीचं दार उघडलं की गोड, जड वास हॉलभर. शालन दारात स्टूल टाकून बसायची. एकदा डोळे पुसताना दिसली. आईच्या घराला असाच वास यायचा, म्हणाली.

आता ते तीन देठ नव्हते.

"हौसाबाईंना विचारते," शालन म्हणाली. मग थांबली. "नाहीतर..."

"नाहीतर काय?"

"काही नाही. मी नाव घेत नाही कुणाचं."

तिनं नाव घेतलं नाही, पण मान हॉलकडे वळली. हॉलच्या कोपऱ्यात माझी थोरली बहीण, अक्का, पोथी वाचत बसली होती.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई अंथरुणाला खिळलेली असायची, त्यामुळे कुरुंदवाडच्या घरात मला अक्कानंच वाढवलं. पहाटे मला कडेवर घेऊन ती फुलं काढायला जायची. पुढे ती गडहिंग्लजला दिली. नवरा गेल्यावर मुलाकडे हुबळीला राहिली, तिथे सुनेशी पटलं नाही. त्या वर्षी पौषात एक ट्रंक आणि एक पिशवी घेऊन आमच्याकडे आली. "दिगू, आता तुझ्या दारात पडून राहणार बघ," असं हसत म्हणाली. तिला दुसरं दार नव्हतं. हे मला ठाऊक होतं, शालनलाही ठाऊक होतं, आणि देठांचं जे काही निघेल त्यावर अक्का इथे राहते की नाही ते ठरणार, हेही आम्हा दोघांना न बोलता कळत होतं. आज अक्का नाही. म्हणून हे सांगतोय.

शालन वाईट नव्हती. पण दोन बायका एका ओट्यावर आल्या की जे होतं ते होत होतं. आमटीत गूळ किती, कणकेला तेल किती. त्यात अक्का आली त्याच दिवशी गॅलरीत जाऊन होयाचं पान कुरवाळत म्हणाली होती, "दुधाचं झाड घरात ठेवू नये गं शालन. लाभत नाही." शालन तेव्हा गप्प बसली, पण विसरली नाही. पुढे फुलं आली तेव्हा अक्कानं वासानं डोकं चढतं म्हणून दोनदा गॅलरीचं दार लोटून घेतलं होतं. तेही शालन विसरली नाही.

मी कामाला लागलो. गिरणीतला माझा पहिला नियम असा, की आधी तिथे जाणाऱ्या माणसांची यादी करायची. गॅलरीत जाणारी माणसं तीन. शालन पाणी घालायला. हौसाबाई झाडायला आणि कपडे वाळत टाकायला. अक्का सकाळी माळ घेऊन जप करायला. मी जायचो तो पूजेपुरता, जास्वंद-तगर काढायला आणि शिळी फुलं परडीत गोळा करायला, म्हणून मी स्वतःला मोजलं नाही. चौकशी करणारा यादीत नसतोच.

हौसाबाईंना मी दुसऱ्या दिवशी गाठलं.

"हौसाबाई, होयाचे देठ का तोडलेत?"

हा माझा दुसरा नियम. तोडलेत का, असं विचारायचं नाही. का तोडलेत, असं विचारायचं. तोडलेत का म्हटलं की माणूस नाही म्हणून मोकळा होतो. का तोडलेत म्हटलं की त्याला वाटतं, याला सगळं ठाऊक आहे. गिरणीत निम्मे लोक याच प्रश्नाला कोसळले.

हौसाबाई कोसळल्या नाहीत. त्यांनी झाडू खाली ठेवला आणि कमरेवर हात ठेवले.

"मी कशाला तोडू वो त्येला? वैनींनी पैल्याच दिवशी सांगिटलंय, त्या येलीकडं बघायचं बी न्हाई. मी तर कापडं बी तिकडल्या तारंवर टाकत न्हाई. आनि दिगूकाका, माझ्यावर संशय असंल तर सरळ बोला. माझ्या हाताला सतरा घरं हाईत."

मी यादीतल्या त्यांच्या नावापुढची खूण पुसली. खोटं बोलणारा माणूस इतकं रागावत नाही, निदान इतक्या लवकर नाही.

मग दोन दिवस मी शालनवर नजर ठेवली. हे सांगायला आजही जड जातं. पण माझ्या डोक्यात आलं, की हिनंच तोडले आणि अक्कावर ढकलतेय. अक्काला घालवायला बरं निमित्त. मी तिच्या शिवणाच्या डब्यातल्या कात्रीची पाती हुंगली, दुधाचा चिकटा लागलाय का ते बघितलं. कात्री स्वच्छ होती. परत खुणा तपासल्या, तेव्हा कळलं की देठ कापलेले नव्हतेच. बोटांनी मोडलेले होते. एका बाजूला साल थोडी सोललेली होती, चिमटीनं मोडलं की निघते तशी.

"काय सापडलं?" शालननं विचारलं.

"बघतोय अजून."

"तुम्ही बघत बसा. मला कळायचं ते कळलंय."

शनिवारी अक्का मारुतीला गेली आणि मी तिची ट्रंक उघडली.

दोन लुगडी, एक शाल, भाऊजींचा फोटो, औषधाच्या गोळ्या, लवंगांची डबी. सगळं घडीवर घडी. मी गेटवर शिकलेल्या सफाईनं एकेक वस्तू उचलली आणि जशीच्या तशी ठेवली. काही नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. उलट हात रिकामे राहिल्याची चुटपुट लागली. मी उठलो आणि देवापाशी ठेवलेली तिची पोथी सहज उघडली. चौदाव्या अध्यायात खूण म्हणून होयाचा वाळलेला गुच्छ होता. देठासकट.

त्या क्षणी मला जे वाटलं ते खरंखरं लिहितो. मला आनंद झाला. धागा हाताला लागला की गिरणीत व्हायचा, तोच. दुःख त्यानंतर झालं.

दुपारी जेवणं झाल्यावर अक्का टेबलाशी मेथी निवडत बसली होती. शालन समोर ताक घुसळत होती. मी तो वाळका गुच्छ टेबलावर, मेथीच्या काड्यांशेजारी ठेवला.

"अक्का, देठ का तोडलेस?"

शालनची रवी थांबली.

अक्कानं गुच्छाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. इतका वेळ बघितलं, की मला नजर खाली घ्यावीशी वाटली, पण मी घेतली नाही. नजर खाली घ्यायला गिरणीनं मला शिकवलं नव्हतं.

"तू विचारतोयस, दिगू?" ती म्हणाली.

"मीच विचारतोय. का तोडलेस?"

तिनं शालनकडे एकदा बघितलं. मेथीची एक जुडी निवडून पूर्ण केली. मग म्हणाली, "बरं. तोडले."

"तीनही?"

"तीनही."

"का पण?" शालननं विचारलं. "वन्सं, माझ्या आईची वेल होती ती. सहा वर्षं मी... तुम्हाला काय केलं होतं तिनं?"

"दुधाचं झाड घरात नको, असं म्हणत होते ना मी," अक्का म्हणाली. "चुकलं माझं. तू मनात ठेवू नकोस."

झालं. गुन्हा, पुरावा, कारण, कबुली. गिरणीत अशा वेळी मी आणखी एक गोष्ट करायचो. कबुली दिलेल्या माणसाला दोन दिवसांनी परत बोलावून तेच सगळं उलट्या क्रमानं विचारायचो. खोटी कबुली उलटी सांगता येत नाही. अठ्ठावीस वर्षांत हा नियम मी एकदाही मोडला नव्हता. अक्काच्या बाबतीत मोडला. मला वाटलं, बहीण आहे, आणखी किती छळायचं.

शालननं तिला घालवलं नाही. तिनं एक शब्दही वाकडा काढला नाही. पण ती अक्काशी मोजकं बोलायला लागली, आणि मोजकं बोलणं काय असतं ते एका घरात राहणाऱ्यालाच कळतं. मी तर त्याहून वाईट केलं. मी लक्ष ठेवायला लागलो. अक्का ओट्यापाशी गेली की मी पेपरातून मान वर करायचो. साखरेच्या डब्यात चमचा बुडालेला दिसला तरी विचार करायचो, हा कुणी ठेवला. तिनं सकाळी गॅलरीत जपाला बसणं सोडलं आणि आतल्या खोलीत पलंगावर बसून माळ ओढायला लागली. मी तेही तिच्याच खात्यावर मांडलं, मन खातंय म्हणून बसत नाही.

महिन्याभरानं ती म्हणाली, "दिगू, जयसिंगपूरच्या पलीकडे आश्रम आहे म्हणतात म्हाताऱ्यांचा. बरा आहे. तिथे सोड मला."

"इथे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. तिथे माझ्या वयाची माणसं असतील. गप्पा होतील."

मी नको म्हणायला हवं होतं. तिनं ते ऐकायला क्षणभर वाट बघितली, हे मला आता आठवतं. मी म्हणालो, "तुला बरं वाटत असेल तर बघ."

पुढच्या आठवड्यात मी तिला रिक्षानं सोडून आलो. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जायचो, केळी आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन. ती घरची चौकशी करायची, शालनला आशीर्वाद सांगायची. होयाचं नाव आम्ही दोघंही काढत नव्हतो.

वर्ष गेलं. वेलीनं एक लांब, बिनपानाचा शेंडा काढला, ग्रीलच्या वरच्या गजाला विळखा घातला आणि वैशाखात त्यावर एक नवा देठ आला. एकच. शालन हरखून गेली. मला रोज हात धरून दाखवायची. "हा बघा. हा जपायचा. फुलं वाळून पडली तरी हा असाच ठेवायचा." मी मान डोलवायचो. मला तो देठ पाठ झाला होता. पारव्याच्या पायासारखा, खरबरीत.

फुलं आली, आठवडाभर घर दरवळलं आणि मग ती सुकायला लागली.

त्या सोमवारी सकाळी मी पूजेला बसण्याआधी नेहमीसारखा गॅलरीत आलो. हातात परडी, तोंडानं स्तोत्र. जास्वंदीची दोन, तगरीची मूठभर. कालची कोमेजलेली जास्वंद निर्माल्यात.

"अहो," शालन मागून म्हणाली. ओरडली नाही, अगदी हळू म्हणाली.

मी वळलो.

"हात."

मी हाताकडे बघितलं. माझा डावा हात वेलीत होता. अंगठा आणि पहिलं बोट त्या देठाभोवती. देठ वाकलेला, बुडाशी साल सुटलेली, आणि बोटावर दुधाचा पांढरा थेंब. अजून थोडं वळवलं असतं तर सुकलेला गुच्छ परडीत पडला असता.

मी तो देठ तोडणार होतो हे मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगतो. वाळलेलं फूल झाडावर ठेवायचं नाही, देवाच्या इतर निर्माल्यासोबत पाण्यात सोडायचं, हे माझ्या हाताला मी चार वर्षांचा असताना शिकवलं गेलं होतं. हात ते माझ्याशिवाय करत होता. आणि मोडायची रीत तीच होती, चिमटीनं, किंचित पीळ देऊन.

"गेल्या वर्षीही," शालन म्हणाली.

मी हात मागे घेतला.

"तुम्हीच."

"मला आठवत नाही," मी म्हणालो. "शालन, खरंच आठवत नाही."

"मग वन्सं का म्हणाल्या तोडले म्हणून?"

शालन स्टुलावर बसली. तिनं पदरानं तोंड झाकलं. मला वाटलं ती देठासाठी रडतेय, पण ती म्हणाली, "वर्षभर मी त्यांना एक पत्र नाही लिहिलं. दिवाळीला फराळ तुमच्या हातून पाठवला, स्वतः गेले नाही." मग तिनं डोळे पुसले आणि उठली. "पूजा राहू दे. जा आणि घेऊन या त्यांना. आत्ता जा."

बसमध्ये मी सगळं मनात मांडून घेतलं. सांगायचं, अक्का, देठ माझ्याच हातून गेले, पण मला ते माहीतच नव्हतं. मला खरंच वाटलं की तू तोडलेस. चुकलो, माफ कर. सगळं खरं होतं. खरं सांगायला भ्यायचं नाही, असं मी गिरणीत चोरांना सांगत असे.

आश्रमाच्या ओसरीवर अक्का आणखी दोघींबरोबर तांदूळ निवडत होती. मला बघून सूप बाजूला ठेवलं.

"सोमवारी कसा आलास? शालन बरी आहे ना?"

"बरी आहे."

आम्ही चाफ्याखालच्या बाकावर जाऊन बसलो. मी एकदम बोलून टाकलं, नाहीतर जमलं नसतं.

"अक्का, ते देठ मीच तोडले होते."

ती हसली. "मग? ते मला सांगतोस?"

"तुला माहीत होतं?"

"माझ्यासमोर तर तोडलेस. मी जपाला बसलेली असायची ना तिथे. एक तोडलास, दोन दिवसांनी दुसरा. तिसरा परडीत टाकलास, तो मी उचलून घेतला. वाळला तरी आकार मोडला नव्हता, छान दिसत होता. म्हटलं, पोथीत खुणेला होईल."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

तिनं माझ्याकडे बघितलं, जरा नवलानं.

"तूच विचारलंस की, का तोडलेस म्हणून. शालनसमोर. सगळं तुझ्या हातून झालेलं, आणि मला विचारतोस का तोडलेस. मला पहिल्यांदा कळेचना. म्हणून म्हटलं, तू विचारतोयस? तू म्हणालास, मीच. आणि काय बघत होतास माझ्याकडे. तेव्हा कळलं. म्हटलं, याला स्वतःला बोलता येत नाहीये, हा मला सांगतोय, अक्का, तू घे." तिनं मांडीवरच्या तांदळाच्या कण्या झटकल्या. "शालनच्या आईची वेल. सहा वर्षांनी फुललेली. नवऱ्यानं मोडली म्हटल्यावर ती मनातून कशी काढणार? जन्म काढायचाय तिला तुझ्याबरोबर. माझ्यावर राग धरला तर धरला. मी काय, आज आहे उद्या नाही. घेतलं अंगावर."

चाफ्याचं एक फूल आमच्या दोघांच्या मधे पडलं होतं आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"एक दिवस मात्र फार वाईट गेला," अक्का म्हणाली.

"कुठला?"

"इथे आले त्या आठवड्यात. रिकामं मन, काहीही येतं. वाटलं, दिगूला खरंच आठवत नसलं तर? खरंच मला चोर समजून विचारलं असलं तर?" ती थांबली. तिचा आवाज बारीक झाला. "मी तुला कडेवर वाढवला रे. तुझा जर माझ्यावर असा संशय असेल तर मी जगले ते सगळंच फुकट. दोन दिवस जेवले नाही मी. मग मनाची समजूत घातली, छे, असं नसेल. तो भित्रा आहे, पण तसा नाही." ती माझ्याकडे वळली. "तसं नव्हतं ना, दिगू?"

मी सांगायला आलो होतो की अगदी तसंच होतं. मी तिची ट्रंक उघडली होती. ती मारुतीला गेल्याची संधी साधून, भाऊजींचा फोटोसुद्धा उलटा करून बघितला होता. साखरेच्या डब्यावरसुद्धा नजर ठेवली होती. जीभ तयार होती, वाक्यं तयार होती.

"नाही, अक्का," मी म्हणालो. "मला माहीत होतं. मीच तोडले ते मला पक्कं ठाऊक होतं. शालनला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुला पुढे केलं."

तिनं मोठा श्वास सोडला आणि तिचे खांदे खाली आले. गेल्या वर्षभरात मी तिला इतकं सैल झालेलं बघितलं नव्हतं.

"भित्रा तो भित्राच राहिलास," ती म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला.

"हो," मी म्हणालो.

"शालनला आता तरी सांगितलंस?"

"सांगितलं. तिनंच पाठवलंय. घेऊन या म्हणाली."

"मग इतका वेळ बसवून काय ठेवलंस मला," अक्का म्हणाली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठली. "थांब, पिशवी भरते. तांदूळ तेवढे निवडायचे राहिलेत, ते तू घे करायला."

मी ओसरीवर त्या दोघी म्हाताऱ्यांच्या शेजारी बसलो, सूप पुढे ओढलं आणि खडे वेचायला लागलो. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मला एकही खडा दिसत नव्हता.